आबांची गाडी, सोळा पट लहान

रात्री दीड वाजता गर्ल्स हॉस्टेलच्या एखाद्या रूममधून हेअर ड्रायरचा आवाज यायला लागला, तर तुम्ही काय समजाल? उद्या कुणाचं तरी प्रेझेंटेशन आहे, नाहीतर डेट. माझ्या रूममेटनेही तेच समजून मला चार दिवस चिडवलं. पाचव्या दिवशी तिने लाइट लावला, तेव्हा मी जमिनीवर मांडी घालून बसले होते. एका हातात ड्रायर, दुसऱ्या हातात डिओचा रिकामा कॅन आणि कॅनभोवती सनबोर्डची गरम पट्टी.

"हे काय?"

"मडगार्ड."

तिने काही न बोलता लाइट बंद केला आणि झोपली.

तर हा लेख त्या मडगार्डबद्दल आहे. म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या एका ट्रकबद्दल, जो मी गेले पाच महिने बनवतेय. इंटर्नशिपमध्ये 'स्वतःच्या छंदावर लिही' असं सांगितलं गेलं, तेव्हा मी आधी टाळलं. मुलगी, बावीस वर्षांची, आणि रिमोटचा ट्रक? पण मग वाटलं, तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरीही असा एखादा फोटो असेलच.

फोटो आमच्या कोल्हापूरजवळच्या घरातला आहे. ब्लॅक अँड व्हाइट. पुढे लांब नाक असलेला टाटाचा ट्रक, बॉनेटला झेंडूचा हार आणि मडगार्डवर एक पाय ठेवून उभे असलेले माझे आजोबा, आबा. साल १९७४. त्या गाडीतून त्यांनी बारा वर्षं गूळ मुंबईला नेला. गाडी विकली, फोटो राहिला. आता काचबिंदूमुळे आबांची नजर जवळपास गेलीय. गेल्या दिवाळीत त्यांनी फोटो हातात घेतला, काचेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हार दिसतोय का गं अजून?" मी हो म्हटलं. पण माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच चक्र सुरू झालं: फोटो हाताला लागत नाही. गाडी लागली असती.

खेळणं की गाडी?

लहानपणी दिवाळीत मिळालेली आणि भाऊबीजेपर्यंत बंद पडलेली रिमोटची कार आठवतेय? तिच्यातल्या बऱ्याचशा २७ मेगाहर्ट्झवर चालायच्या. शेजारच्या पोराकडे तसलीच असेल तर त्याच्या रिमोटने तुमची गाडी वळायची आणि मग भांडणं. आताच्या गाड्या २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. रिमोट आणि गाडीतला रिसीव्हर एकदा एकमेकांशी जोडले की दुसऱ्याचं ऐकत नाहीत. शिवाय स्टिअरिंग 'सगळं डावीकडे, नाहीतर सगळं उजवीकडे' असं नसतं. सर्व्हो नावाची एक छोटी मोटर असते. तुम्ही चक्री जितकी फिरवाल तितकंच चाक वळतं.

या छंदातली पंढरी म्हणजे जपानची तामिया कंपनी. १९७६ मध्ये त्यांची पहिली रिमोट कार आली आणि १९८१ मध्ये टोयोटाच्या पिकअपचं मॉडेल. त्याला खऱ्यासारखी धातूची चासी होती, खऱ्यासारखे पाटे होते आणि तीन गिअर होते! १९८५ मध्ये त्याचा भाऊ 'ब्रुझर' आला. तो लोकांच्या मनात इतका बसला की २०१२ मध्ये कंपनीने तो पुन्हा बाजारात आणला. जुन्या ढंगाच्या ट्रकचं हे वेड तिथून सुरू आहे. पण तामियाचा असा किट घ्यायचा म्हणजे माझं सहा महिन्यांचं मेसचं बिल. त्यामुळे तो विषय संपला. (आणि तामियाने कोल्हापूरची गूळगाडी काढलेलीच नाही, तो त्यांचा लॉस.)

आमच्यासारख्यांसाठी दुसरा रस्ता आहे. १:१६ मापाचे चायनीज लष्करी ट्रक मिळतात. बॉडी कशीही असली तरी खाली चासी, एक्सल, पाटे, मोटर सगळं असतं. मी एका सीनिअरकडून सेकंड हँड घेतला, साडेतीन हजारांना. तो पुढच्या चाकांनीही ओढायचा, लष्करी ना. आबांची गाडी फक्त मागच्या चाकांवर चालायची, म्हणून पुढे जाणारा शाफ्ट काढून टाकला. वरची हिरवी प्लास्टिकची बॉडी चार स्क्रू काढून उचलली आणि थेट खोक्यात टाकली.

नुसती चासी टेबलावर उभी होती. हे मी फोनवर आबांना सांगितलं, तर ते हसले. "आमचीबी तशीच आलती."

मला हे माहीतच नव्हतं. तुम्हाला माहीत होतं? आपल्याकडे वर्षानुवर्षं ट्रक कंपनीतून पूर्ण बनून यायचेच नाहीत. इंजिन, चासी आणि नाकाचा पुढचा भाग कंपनी द्यायची. वरची केबिन, मागचा लाकडी हौदा हे मालक आपल्या गावच्या मिस्त्रीकडून बांधून घ्यायचा. 'बॉडी बांधणं' हा शब्दच तिथला. म्हणून एकाच कंपनीचे दोन ट्रक कधी सारखे दिसायचे नाहीत. आबांचा हौदा कोल्हापुरातल्या एका मिस्त्रीने सव्वा महिन्यात बांधला होता आणि आबा रोज सायकलवरून बघायला जायचे. म्हणजे 'कस्टमाइज' करणं ही आपली जनरेशन आणते ती फॅशन वगैरे काही नाही. आबांनी ते पन्नास वर्षांपूर्वी केलंय, तेही पोटासाठी.

नऊशे-वीस

आता मापं. एकच फोटो, तोही तिरपा. गाडीची कागदपत्रं कधीच रद्दीत गेलेली. इथे मला आबांच्या एका शब्दाने वाचवलं. टायर कोणते होते, विचारल्यावर ते झोपेतून उठवलं तरी सांगतील अशा सुरात म्हणाले, "नऊशे-वीस." ते ९.००-२० हे टायरवर छापलेलं माप. त्या टायरचा पूर्ण व्यास साधारण १०२० मिलिमीटर असतो. त्याला सोळाने भागा: चौसष्टच्या आसपास. माझ्या चासीच्या चाकाला मोजपट्टी लावली, तर ६५! त्या रात्री मी एकटीच रूममध्ये नाचले.

मग ट्रिक सोपी आहे, तुम्हालाही कुठल्याही जुन्या गाडीसाठी वापरता येईल. फोटो स्कॅन करायचा आणि इतका मोठा करून प्रिंट काढायचा की त्यात पुढच्या चाकाची उंची बरोबर ६५ मिलिमीटर भरेल. रुंदी नाही, उंची. तिरप्या फोटोत चाक अंड्यासारखं दिसतं, पण उंची फसवत नाही. आता त्या चाकाच्या आसपासची उंचीची मापं मॉडेलला थेट वापरता येतात. पण फक्त आसपासची. मागचा हौदा कॅमेऱ्यापासून लांब असल्यामुळे लहान दिसतो, त्यावर पट्टी लावलीत तर फसलात. मी फसले. पहिला हौदा केबिनपेक्षा अरुंद झाला. शेवटी आबांनाच विचारलं. "सोळा फूट," ते म्हणाले. सोळा फुटांचा सोळावा भाग म्हणजे एक फूट. शाळेतली पट्टी! चासी त्यासाठी लांबवावी लागली. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडच्या भंगारातली ॲल्युमिनियमची चॅनेल मागून आणली आणि मधे जोडली.

सामानासाठी पुण्यात असाल तर तपकीर गल्ली आणि बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड. "भावासाठी घेताय का?" हा प्रश्न मला तीन दुकानांत आला. चौथ्या दुकानातल्या काकांनी मात्र नीट विचारलं, बॅटरी किती व्होल्टची आहे? कारण मी तोवर हेडलाइटच्या दोन एलईडी थेट बॅटरीला जोडून जाळल्या होत्या. पांढऱ्या एलईडीला साधारण तीन व्होल्ट लागतात, माझी बॅटरी फुल चार्ज असताना ८.४ देते. उरलेले ५.४ व्होल्ट रेझिस्टरने खायचे. काकांनी पाठकोऱ्या कागदावर भागाकार करून ३९० ओहमचे दोन रेझिस्टर हातावर ठेवले. बिल चार रुपये.

बाकीचे पार्ट घरातूनच निघाले. सायकलच्या चाकाची तार दोन मिलिमीटर जाडीची असते, म्हणजे खऱ्यात सव्वा इंची पाइप. तिचे आरशाचे दांडे आणि केबिनवर चढायचे हँडल झाले. आइस्क्रीमच्या काड्या एक सेंटिमीटर रुंद, सोळाने गुणलं की सहा इंची फळी. आबांच्या हौद्याला फळ्या सहा इंचीच होत्या, हे ऐकून मी आनंदाने महिनाभर कँडी खाल्ल्या. ताडपत्री म्हणजे मोडक्या छत्रीचं काळं कापड. फाळक्याची साखळी आईच्या तुटलेल्या इमिटेशन माळेची. चिखलाचे फ्लॅप सायकलच्या ट्यूबचे. आणि हेडलाइटची काच? आबांच्या गोळ्यांच्या पाकिटावरचा पारदर्शक फुगा. खरा हेडलाइट सात इंची, मॉडेलमध्ये अकरा मिलिमीटर. आबांच्या पित्ताच्या गोळ्यांचा फुगा बरोबर बसतो, बीपीच्या गोळीचा लहान पडतो.

जोडायला फेविक्विक आणि खाण्याचा सोडा. फटीत सोडा भुरभुरायचा आणि वर एक थेंब सोडायचा. क्षणात दगड होतो, कानशीने घासता येतो. पण त्याच क्षणी तो तापतो आणि धूर डोळ्यांत जातो. खिडकी उघडी ठेवा, चष्मा लावा. ही सूचना मी लाल डोळ्यांनी कॉलेजला गेल्यानंतर लिहितेय.

नाकाचा लोच्या

केबिन सरळ रेषांची, ती सनबोर्डमध्ये दोन दिवसांत उभी राहिली. खरा वांदा नाकाचा. सनबोर्ड गरम करून एका दिशेला वाकतो, म्हणून मडगार्ड ड्रायरवर जमले. पण ते नाक दोन्ही दिशांना गोल आहे, फुगीर भाकरीसारखं. मी शॉर्टकट मारला. सांगाडा केला आणि त्यावर एम-सीलचे थर चढवले, वाळल्यावर घासले. दिसायला एक नंबर! रूममेटनेही पहिल्यांदा "अगं, भारी आहे" म्हटलं.

कॉरिडॉरमध्ये सोडला, तर ट्रक वळेना. सर्व्हो नुसता घूं घूं करत थरथरायचा. किचनच्या काट्यावर नाक ठेवलं: २४० ग्रॅम. सगळा भार पुढच्या चाकांवर, आणि बिचारा सर्व्हो बोटाएवढा. तीन आठवड्यांचं काम होतं ते. मी खरंच रडले, आणि मग दोन आठवडे त्याला हातही लावला नाही. परीक्षा होती हे खोटं कारणही सगळ्यांना सांगितलं.

सुट्टीत घरी गेले, तेव्हा आज्जीने ते नाक हातात तोलून पाहिलं आणि म्हणाली, "कागदाचं का न्हाई करत?" आज्जीकडे अजून कागदाच्या लगद्याच्या टोपल्या आहेत. रद्दी भिजवायची, कुटायची, मेथ्या वाटून घालायच्या आणि पातेल्यावर थापायची. टोपली वर्षानुवर्षं टिकते, मेथ्यांमुळे कीड लागत नाही. आम्ही त्या एम-सीलच्या नाकालाच साचा केला. त्यावर प्लास्टिक गुंडाळलं आणि लगदा थापला. पहिला वाळताना आक्रसला आणि मधोमध तडकला. दुसऱ्या वेळी लगदा सोडून कागदाच्या पट्ट्या घेतल्या, फेविकॉलच्या पाण्यात बुडवून आठ थर, प्रत्येक थर आधीच्याला आडवा. कागद याच पुरवणीचा होता. संपादकांनी राग मानू नये. वाळल्यावर सोललं, पॉलिश पेपर मारला, काट्यावर ठेवलं. ३८ ग्रॅम.

रंग झाला. पुढे जाळी बसवली, चहाच्या गाळणीची. मागच्या फाळक्यावर 'हॉर्न ओके प्लीज'. महाराष्ट्रात २०१५ पासून गाड्यांवर हे लिहायला बंदी आहे, पण १९७४ च्या गाडीला ती कशी लागू होणार? ही अक्षरं मी मेंदीच्या कोनात रंग आणि फेविकॉल भरून काढली, म्हणजे वाळल्यावर उंच राहतात. बोटाला लागतात.

आणि मग गाडी आबांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी घाई केली नाही. आधी चाकं फिरवून बघितली. मग हौद्याच्या फळ्या एकेक करून मोजल्या, ओठ हलत होते. साखळी ओढली. मागची अक्षरं बोटाने वाचली आणि हसले. मग हौद्याच्या बाजूने हात नेत थांबले.

"हुक किती लावलास?"

"सहा, आबा."

"आठ पायजेत. कंपनीचं न्हवंत ते, मीच दोन वाढीव मारून घेतलं हुतं. पावसाळ्यात ताडपत्री फडफडली की पाणी आत, आन् गुळाला पाणी लागलं की खेळ खल्लास."

फोटोत ते दोन हुक हाराच्या आणि आबांच्या मागे झाकले गेलेत. मला कुठल्याही झूमने दिसले नसते.

मग हात पुढे आला. नाक चाचपलं, मान डोलावली. जाळीवर आला आणि तिथेच घुटमळला. "ह्ये काय बसीवलंस?"

मी तारा बसवला होता. तीन टोकांचा, मर्सिडीजचा. फोटोत त्या जागी हार आहे, म्हणून मी नेटवर जुन्या टाटा ट्रकचे फोटो शोधले आणि त्यांना तो तारा होता. दिसतोही किती क्लासी! आबांनी तो नखाने टोकरला. "तारा आधीच्या गाड्यांना. माझ्या गाडीला टी हुता."

मी मग वाचलं. १९५४ मध्ये टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली, तेव्हा नाव 'टाटा मर्सिडीज-बेंझ' आणि समोर तारा. पंधरा वर्षांनी, १९६९ मध्ये, तो करार संपला. तारा गेला, टाटाचा टी आला. आबांची गाडी १९७४ ची. नजर नसलेल्या माणसाने माझी पाच वर्षांची चूक बोटाने पकडली होती. जर्नालिझममध्ये आम्हाला फॅक्ट चेकवर एक अख्खा पेपर असतो, त्यात मला चांगले मार्क आहेत, हे मी आबांना सांगितलं नाही.

टी त्याच संध्याकाळी टाचणीच्या तारेतून वाकवून बसवला. हुकही आठ केले. मला वाटलं, झालं. पण आबांच्या हिशेबी ज्या गाडीने माल ओढला नाही ती गाडी नव्हेच.

ते आठ टन भरायचे. १:१६ च्या मॉडेलमध्ये किती? आठ टनांना सोळाने भागू नका, तीच चूक मी केली होती. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सोळा पट लहान, म्हणून वजन सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, म्हणजे ४०९६ पट कमी. आठ हजार किलो भागिले ४०९६: जेमतेम दोन किलो. गुळाच्या एक किलोच्या दोन भेल्या! आज्जीने त्या धुतलेल्या फडक्यात गुंडाळून दिल्या.

अंगणातून ओट्यावर स्कूटर चढवायला सिमेंटचा उतार आहे. त्याचं नाव त्या दिवशी खंबाटकी ठेवलं. मी दोन्ही भेल्या मागे ठेवल्या आणि थ्रॉटल दाबला. नाक हवेत! चाकं अधांतरी, स्टिअरिंग फिरतंय पण गाडी वळत नाही. आता नाक हलकं होतं ना. "माल मागं टाकलास व्हय?" आबा ओट्यावरून ओरडले, त्यांना ते मोटरच्या आवाजावरून कळलं. भेल्या मागच्या एक्सलच्या पुढे सरकवल्या. नाक खाली आलं, गाडी चढायला लागली, अर्ध्या उतारावर पोचली आणि आतून कर्रर्र झालं. गिअरबॉक्समधल्या प्लास्टिकच्या चक्राचे दात गेले होते.

मी तिथेच उकिडवी बसले. आबा शांत होते. "नवी गाडी पयल्या दिशी फुल भरत्यात का? आम्ही म्हैनाभर अर्धा माल न्हेला."

धातूच्या गिअरचा सेट मागवला, साडेचारशे रुपये. मोटरवरचं चक्र आधीपेक्षा कमी दातांचं टाकलं. त्याने वेग पडतो, पण ओढ वाढते. घाटात पहिला गिअर टाकतात तेच. वेग तसाही जास्तच होता. खरा ट्रक ताशी चाळीसने जात असेल तर सोळाव्या मापात तो ताशी अडीच किलोमीटर होतो, म्हणजे आज्जी देवळात जाते त्याहून हळू. खेळण्याला ट्रक दिसायचं असेल तर आधी त्याला हळू करावं लागतं.

गेल्या रविवारी एक भेली घेऊन गाडी खंबाटकी चढली. दुसरी पुढच्या महिन्यात.

आबा ओट्यावर बसून ऐकत होते. गाडी वर पोचल्यावर मी विचारलं, कशी वाटली? "गाडी बरी हाय," ते म्हणाले. "आवाज न्हाई. शिलाईच्या मशीनवाणी वाजतीय." आणि मग त्यांनी स्वतःच सुरू केलं. आधी घशातून इंजिनाची घरघर, मग चढ लागल्यावर ती जड झालेली, क्लच दाबल्याची पोकळी, गिअरचा खटका, पुन्हा घरघर, खालच्या पट्टीत. अख्खा घाट त्यांनी तोंडाने चढवला. मी फोन काढून रेकॉर्ड करून घेतलं, चार मिनिटं दहा सेकंद.

मेमरी कार्डवरची फाइल वाजवणारं नखाएवढं मोड्यूल मिळतं, दीडेकशे रुपयांना. स्पीकर केबिनच्या सीटखाली बसेल, जागा मोजून ठेवलीय. एकच अडचण आहे. रेकॉर्डिंगमध्ये तिसऱ्या मिनिटाला, ऐन चढावर, आज्जी आतून "चहा निवतोय" म्हणून ओरडते. ते कापायचं की ठेवायचं, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही.